दाजी, तुमची लाइन तेवढी सांभाळा

वाचकाचं पत्र थोडक्यात असं आहे. वय ४४, कोल्हापुरात स्वतःचा व्यवसाय. सहा वर्षं रोज सकाळी क्लबच्या मातीच्या कोर्टवर डबल्स खेळतात. पार्टनर त्यांचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, वय ५३. टेनिसची गोडी लावली तीही दाजींनीच. वाचकांची सर्व्हिस वेगवान, फोरहँड जोरकस. दाजींचा खेळ मऊ, बॅकहँड ‘नुसता कापलेला’. गेल्या जानेवारीत स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत ही जोडी ४-६, ३-६ अशी हरली, तीही साठी उलटलेल्या दोन निवृत्त गृहस्थांकडून, जे ‘नुसते बॉल उडवतात’. पहिल्या सेटचा शेवटचा पॉइंट वाचकांना अजून आठवतो. ४-५, ३०-४०, सर्व्हिस त्यांची. पहिली नेटमध्ये गेली, दुसरी हळू टाकली. समोरून लॉब, म्हणजे उंच उडवलेला बॉल, आला तो नेटवर उभ्या दाजींच्या डोक्यावरून मागच्या उजव्या कोपऱ्यात. वाचक धावत पोचले, जीव खाऊन मारला, तोवर नेटवर आलेल्या समोरच्याने तो डावीकडच्या मोकळ्या कोर्टात अलगद ठेवला. ते लिहितात, ‘किती वेळा सांगितलंय, दाजी, तुमची लाइन तेवढी सांभाळा, बाकीचं मी बघतो. तेवढंही होत नाही.’ आता बदली होऊन कोल्हापुरात आलेला, विद्यापीठाकडून खेळलेला एक तिशीतला खेळाडू त्यांना पार्टनर म्हणून विचारतोय. प्रवेशिका डिसेंबरअखेर भरायच्या आहेत. दाजींना सांगायचं कसं आणि अक्काला काय वाटेल, हा त्यांचा प्रश्न.

नमस्कार.

दाजींना सांगायचं कसं, एवढंच तुम्ही विचारलंय. त्याचं उत्तर मी देणार आहे, पण शेवटी. कारण पत्र वाचताना मी तुमच्या एका वाक्यापाशी अडले आणि पुन्हा पुन्हा तिथंच परत आले. ‘तुमची लाइन तेवढी सांभाळा, बाकीचं मी बघतो.’

हे वाक्य तुम्ही दाजींना नेमकं कधी पहिल्यांदा म्हणालात, आठवतं का? माझा अंदाज सांगते. कुणीतरी दाजींच्या बाजूने लाइनवरून एक बॉल काढला असेल, तुम्हाला राग आला असेल, आणि तुम्ही बोलून गेला असाल. दाजींनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून ते नेटवर उभे राहतात ते एक पाय कडेच्या ट्रॅमलाइनच्या पट्ट्यात ठेवून. खरं की नाही? पुढच्या सकाळी जरा बघा.

आता हिशेब करू. डबल्सचं कोर्ट ३६ फूट रुंद. दोघांत वाटलं तर प्रत्येकी १८ फूट. दाजी लाइनला चिकटून उभे राहिले तर हात लांबवून ते फार तर ७-८ फूट झाकतात. उरलेले २८-२९ फूट तुमच्या गळ्यात. तुम्ही दमता, धावता, उशिरा पोचता, आणि तुम्हाला वाटतं दाजी काहीच करत नाहीत. ते करतायत. तुम्ही सांगितलेलं काम ते सहा वर्षं इमानेइतबारे करतायत.

आणि ती लाइन मुळात एवढी सांभाळण्यासारखी आहे का? नेट मध्यभागी ३ फूट उंच असतं आणि खांबांपाशी साडेतीन फूट. लाइनवरून मारणाऱ्याला उंच नेटवरून बॉल काढायचाय, आणि बेसलाइनपासून (मागच्या रेषेपासून) बेसलाइनपर्यंत सरळ अंतर ७८ फूटच मिळतं. तोच बॉल कोपऱ्यातून तिरका समोरच्या कोपऱ्यात मारला तर वाट जवळजवळ ८६ फुटांची, आणि नेट ओलांडायचं ते मधे, जिथं ते सहा इंचांनी बुटकं आहे. म्हणून आपल्यासारख्या क्लबच्या खेळाडूचा लाइनवरचा फटका निम्म्या वेळा नेटमध्ये नाहीतर बाहेर जातो. सेटमध्ये दोनदा कुणी तिथून पार केलं तर करू दे. टाळी वाजवा आणि पुढच्या पॉइंटला उभे राहा. त्या दोन पॉइंटांच्या भीतीपोटी मधले बारा-पंधरा पॉइंट तुम्ही दान करताय.

आपलं काय होतं, कोल्हापूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं खेळ म्हटलं की कुस्ती येते. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आपल्या रक्तात आहे. तिथं उतरणारा एकटा असतो, जिंकला तर त्याच्या ताकदीनं आणि हरला तर त्याच्या चुकीनं. मला त्या मैदानाबद्दल फार प्रेम आहे. पण तो हिशेब घेऊन माणूस डबल्सच्या कोर्टवर आला की प्रत्येक पॉइंटनंतर ‘चूक कुणाची’ हे शोधायला लागतो. मग तुम्ही तुमचे विनर, म्हणजे थेट पॉइंट मिळवून देणारे फटके, मोजता आणि दाजींच्या चुका मोजता. डबल्समध्ये मोजायची गोष्ट तिसरीच आहे: माझ्या फटक्यानंतर माझ्या पार्टनरला पुढचा बॉल सोपा आला की अवघड?

तो ३०-४० चा पॉइंट त्या नजरेनं पुन्हा बघू. तुम्ही सगळा पॉइंट लिहिलात, पण त्याची सुरुवात तुमच्या नेटमध्ये गेलेल्या पहिल्या सर्व्हिसनं होते, तिथं तुम्ही अर्धं वाक्यसुद्धा थांबला नाहीत. दुसरी सर्व्हिस हळू गेली. समोरच्या गृहस्थांना बॉल बघायला, दाजी कुठं आहेत ते बघायला आणि रॅकेट खाली नेऊन लॉब उचलायला निवांत वेळ मिळाला. दाजी नेटच्या अगदी जवळ आणि लाइनला लागून. लॉब त्यांच्या डोक्यावरून गेला यात नवल काय? तो बॉल अंगावर घ्यायला दाजींना पाच-सहा पावलं मागं जावं लागलं असतं.

पुढं काय झालं ते जास्त महत्त्वाचं. तुम्ही डावीकडून उजव्या कोपऱ्यात धावलात. बरोबर केलंत, तो बॉल तुमचाच होता, पळत येणाऱ्याला तो समोर दिसतो. पण तुम्ही उजवीकडे गेलात आणि दाजी उजवीकडेच राहिले. दोघंही एका बाजूला, डावं अर्धं कोर्ट रिकामं. तुम्ही म्हणाल, मग दाजींनी सरकायला नको का? हवं होतं. पण त्यांना सांगितलं कोणी? ‘बदल!’ असा एक शब्द धावता धावता तुम्ही ओरडला असतात तर दाजी मागं वळूनही न बघता डावीकडे गेले असते. सहा वर्षांत तुमच्यात असा शब्द ठरलेलाच नाही, हे मला तुमच्या पत्रावरून दिसतंय. ठरलंय ते एकच: लाइन.

आणि शेवटचा फटका. धावत, तोल गेलेला, समोर नेटवर दोन माणसं, आणि तुम्ही जीव खाऊन मारलात. तो जोर त्यांनी वापरला. रॅकेट नुसती आडवी धरली आणि तुमच्याच वेगानं बॉल मोकळ्या जागेत गेला. तिथं हवा होता उंच, खोल लॉब. बॉल हवेत तीन सेकंद राहिला असता, त्या तीन सेकंदांत दाजी डावीकडे आले असते, तुम्ही श्वास घेतला असतात, आणि साठी उलटलेल्या त्या दोघांना नेटवरून मागं पळावं लागलं असतं. लॉबला उत्तर लॉब. ‘नुसते बॉल उडवतात’ असं तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंत त्यांच्याकडून हीच गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांना माहीत आहे की त्यांच्याकडे पाय नाहीत, म्हणून ते वेळ विकत घेतात. तुमच्याकडे पाय आहेत म्हणून तुम्हाला वेळेची किंमत वाटत नाही.

एक जुनी गोष्ट सांगते. लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई क्लबवर खेळायच्या. मी कॉलेजात खेळलेली, अंगात जोर. आम्ही दोघी जोडीनं खेळायला लागलो. मधला प्रत्येक बॉल मी ‘राहू दे वहिनी, मी घेते’ म्हणत घ्यायची. मला वाटायचं मी त्यांचा भार हलका करते. एकदा दिवाळीच्या आसपास, सकाळी, गवतावर दव होतं, आम्ही हरून बाकावर बसलो होतो. वहिनी बुटांची माती काढत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, ‘तू घेणार म्हणून मी पाय हलवत नाही गं. मी हलवत नाही म्हणून तू घेतेस. हे थांबायचं कधी?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. त्यानंतर दोन आठवडे मी ठरवून मधले बॉल सोडले. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळ्यांकडून हरलो. दुसऱ्या आठवड्यात वहिनी एकदा एकदम पुढं झेपावल्या आणि माझ्याकडे चाललेला बॉल त्यांनी हवेतच तोडला. त्यांचा तो चेहरा मला आजही दिसतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं. दाजींना तुमच्या तोंडून ऐकू दे की लाइनची जबाबदारी संपली. त्यांनी सर्व्हिस बॉक्सच्या, म्हणजे नेटलगतच्या चौकोनाच्या, मधोमध उभं राहायचं. बॉक्स २१ फूट लांब आणि साडेतेरा फूट रुंद असतो. त्याच्या मध्यापासून एक पाऊल मागं उभं राहावं आणि तुमची सर्व्हिस पडली की एक पाऊल पुढं येऊन, समोरचा मारतो त्या क्षणी दोन्ही पायांवर छोटी उडी घेऊन थांबावं. तिथून लॉबही जमतो आणि मधला बॉलही. नेटला पोट टेकवून उभं राहिलं की व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आधीच मारलेला फटका, सोपी वाटते खरी, पण प्रत्येक लॉब डोक्यावरून जातो, आणि तुमचे ते दोन प्रतिस्पर्धी लॉबशिवाय दुसरं काही करत नाहीत.

मधल्या बॉलचा हक्क आधीच ठरवा. दोघं बरोबरीनं उभे असाल तर ज्याचा फोरहँड मधे येतो त्यानं घ्यायचा. तुम्ही डावीकडे, ॲड कोर्टला खेळता आणि उजव्या हाताचे आहात, म्हणजे तो तुमचा. पण एक पुढं आणि एक मागं असाल तर पहिला हक्क पुढच्याचा. नेटवर दाजी असतील तर हात पोचेल तो प्रत्येक बॉल दाजींचा, तुमचा कितीही आवडता फोरहँड त्यावर बसत असला तरी. दाजींनी सोडला तरच तुमचा. हे तुम्हाला जड जाणार आहे, मला माहीत आहे. दाजींकडून चार बॉल चुकतील. तेव्हा तुमच्या तोंडून काय निघतं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ‘बरोबर गेलात, दाजी’ एवढं निघालं पाहिजे. ‘सोडला का नाही’ हे निघालं की ते पुन्हा लाइनवर जातील.

आता तुमच्या सर्व्हिसबद्दल. एक सेट दुकानातल्या वहीसारखा हिशेब ठेवा: पहिल्या सर्व्हिस किती टाकल्या, किती आत पडल्या. दहापैकी सहा-सात पडत नसतील तर वेग पाऊणपट करा. तुमची वेगवान सर्व्हिस चुकते त्या प्रत्येक वेळी नेटवरचे दाजी दुसऱ्या, हळू सर्व्हिसच्या रिटर्नसमोर उघडे पडतात. आत पडणारी साधी पहिली सर्व्हिस त्यांच्यासाठी ढालीसारखी आहे. आणि ती शक्यतो मधल्या रेषेवर टाका. बाहेरच्या बाजूला ओढलेली सर्व्हिस दिसायला छान, पण तिनं रिटर्न करणारा कोर्टाच्या बाहेर जातो आणि त्याला तिथून दाजींची लाइन उघडी दिसते. मधे टाकली की कोन मिटतो, रिटर्न दाजींच्या हाताशी येतो. उजव्या हाताच्या खेळाडूला ड्यूस कोर्टमध्ये, म्हणजे त्याच्या उजव्या बाजूला, ती बॅकहँडवर जाते, म्हणजे दुहेरी फायदा. ॲड कोर्टमध्ये फोरहँडवर जाते, तिथं कधी कधी सरळ अंगावर टाकून बघा. आणि टाकायच्या आधी दाजींना सांगा कुठं टाकणार. दोन पॉइंटांच्या मधे २५ सेकंद मिळतात. तुम्ही ते कसे घालवता? मला वाटतं, बॉल उचलत आणि मान हलवत.

सर्व्हिसबद्दल अजून एक बारीक गोष्ट, बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या गेमनंतर बाजू बदलत असल्यानं, टायब्रेक सोडला तर एका सेटमध्ये प्रत्येक जण कायम एकाच टोकाकडून सर्व्हिस करतो. जानेवारीत सकाळी आठ-साडेआठला आपल्याकडे ऊन तिरपं आणि दक्षिणेकडे कललेलं असतं, एका टोकाकडून सर्व्हिस करणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातं. तुम्ही बॉल उंच फेकता, दाजी खालून उचलल्यासारखी सर्व्हिस करतात. मग उन्हाचं टोक दाजींना आणि बिनउन्हाचं तुम्हाला. आधी कुणी सर्व्हिस करायची ते प्रत्येक सेटच्या सुरुवातीला ठरवता येतं. डाव्या-उजव्या बाजूही सेट संपल्यावर बदलता येतात, मधे नाही.

बाजूंचं म्हणाल तर सरावाला एकदोन सेट दाजींना डावीकडे खेळवून बघा. तुम्ही ज्याला ‘नुसता कापलेला’ म्हणता तो बॅकहँड मातीच्या कोर्टवर उसळत नाही, घोट्याजवळ राहतो. समोर साठीतले गुडघे आहेत. डावीकडच्या कोपऱ्यातून तिरका, लांब, खाली राहणारा असा बॉल त्यांना वाकून उचलावा लागेल, आणि वाकून उचललेला बॉल वरच जातो, नेटवर उभ्या माणसासाठी. तो नेटवरचा माणूस तेव्हा तुम्ही असाल. तुमचा जोर वापरायची खरी जागा ती आहे: दाजींनी उचलायला लावलेल्या बॉलवर. बेसलाइनवरून समोरच्या नेटवाल्याच्या अंगावर मारता तेव्हा तो तुमच्या दुप्पट वेगानं दाजींकडे परत येतो आणि त्यांना हात हलवायलाही सवड मिळत नाही. हे तुम्ही आजवर दाजींचं अपयश समजत आलात.

रिटर्नबद्दल थोडक्यात. दाजी रिटर्न करत असतील तेव्हा तुम्ही सर्व्हिस लाइनवर उभे राहून मागं वळून त्यांच्याकडे बघू नका. समोरच्या नेटवाल्याच्या रॅकेटकडे बघा, बॉल त्याच्याकडे चाललाय की नाही ते तिथूनच आधी कळतं. समोरची सर्व्हिस फारच जड असेल तर दोघंही बेसलाइनवर उभे राहा. त्यात कमीपणा नाही, तशी रचना मोठे खेळाडूही वापरतात.

वयाचं तुम्ही उघड लिहिलं नाही, पण ५३ हा आकडा पत्रात दोनदा येतो. रोहन बोपण्णानं २०२४ साली ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. लिअँडर पेसनं २०१३ साली अमेरिकन ओपनची दुहेरी जिंकली तेव्हा तो चाळिशीत पोचला होता. ती माणसं व्यावसायिक, त्यांची तुमची तुलना करायची नाही. पण डबल्समध्ये वय उशिरा का लागतं ते त्यातून कळतं: निम्मं कोर्ट, आणि उरलेल्या निम्म्यासाठी दुसऱ्या माणसावर भरवसा. पेस आणि महेश भूपती १९९९ साली चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत गेले आणि त्यातल्या दोन जिंकले. पेसचा जीव नेटवर आणि भूपतीची ताकद मागून, रिटर्नमध्ये. दोघांचा खेळ एकसारखा असता तर ते एवढं जमलं नसतं असं मला मनापासून वाटतं. तुमचा जोर आणि दाजींचा मऊपणा ही तशीच विषम जोडी आहे, फक्त तुम्ही त्यातलं एकच वापरताय.

आता तो तिशीतला खेळाडू. मी तुम्हाला त्याला नाही म्हणा असं सांगणार नाही. तो विद्यापीठाकडून खेळलाय, न सांगता मधे उभा राहील, पोचिंग करेल, म्हणजे तुमच्याकडे चाललेला बॉल पुढं होऊन तोडेल. त्याच्याबरोबर तुम्ही यंदा कदाचित उपांत्य फेरी गाठाल. वेगवान खेळाची, बरोबरीच्या माणसाबरोबर खेळण्याची भूक लागणं यात गैर काही नाही. सहा वर्षं एकाच माणसाबरोबर खेळल्यावर ती लागतेच. पण तुमची पहिली सर्व्हिस त्याच्याबरोबरही नेटमध्येच जाईल, आणि त्याच्याबरोबर ‘बदल’ हा शब्द तुम्ही ठरवला नाहीत तर डावं कोर्ट तेव्हाही रिकामंच राहील. फरक एवढाच की तो दाजींसारखा गप्प बसणार नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीय. पार्टनर बदलला तर दाजींना वाईट वाटेल हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. दाजी स्पर्धा खेळतात ती स्वतःच्या हौसेनं की तुमच्यासाठी, हे तुम्ही कधी विचारलंय? त्यांनी तुम्हाला खेळाची गोडी लावली, याचा अर्थ त्यांना दरवर्षी जानेवारीत उन्हात उभं राहून मेहुण्याची बोलणी खायची असतातच असं नाही. शक्य आहे की त्यांना सकाळचा रोजचा खेळ, नंतरचा चहा आणि चार माणसांच्या गप्पा एवढंच हवं असेल, आणि स्पर्धेचं नाव निघालं की त्यांनाच धास्ती वाटत असेल. उलटही शक्य आहे, की तो ३०-४० चा पॉइंट त्यांनाही झोपू देत नाही. तुम्हाला यातलं काही माहीत नाही, मलाही नाही. विचारल्याशिवाय कळणार नाही.

विचारा, पण कोर्टवर नको आणि परत येताना गाडीवरही नको. तुम्ही दोघं एकाच गाडीवरून येता-जाता असं लिहिलंय. पुढं बसलेल्या माणसाच्या पाठीशी असं काही बोलता येत नाही. एखाद्या संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर मारायला न्या. अक्काला मधे घालू नका, हे हात जोडून सांगते. तिच्यामार्फत निरोप गेला की तो टेनिसचा राहत नाही, माहेर-सासरचा होतो. आणि दुकान, तब्येत, वेळ नाही असली कारणंही नकोत. त्याच क्लबवर दुसऱ्या दिवशी तुम्ही दुसऱ्याबरोबर खेळताना दिसणार आहात.

बोलताना सुरुवात स्वतःपासून करा. ‘दाजी, लाइन सांभाळा असं मी तुम्हाला उगीच म्हणत आलो, चूक माझी होती.’ एवढं म्हणून थांबा. त्यांना बोलू द्या. मग सांगा की चार आठवडे आपण वेगळं खेळून बघू या: तुम्ही मधे उभे राहा, पुढचा बॉल तुमचा, लॉब आला की मी ‘बदल’ म्हणेन, सर्व्हिस कुठं टाकतोय ते आधी सांगेन. आणि त्या तरुणाचंही सांगून टाका. लपवू नका. ‘मला एकानं विचारलंय, मी अजून हो म्हटलं नाही, तुमच्याशी बोलल्याशिवाय म्हणणारही नाही.’ दाजी कदाचित लगेच ‘खेळ की त्याच्याबरोबर’ म्हणतील. आपल्याकडचा मोठा माणूस पहिल्यांदा असंच म्हणतो. ते पहिलं उत्तर लगेच उचलू नका. आठ दिवसांनी पुन्हा विचारा.

चार आठवड्यांनंतर तुम्हालाच कळेल. सामने किती जिंकलात ते मोजू नका, चार आठवड्यांत ते बदलणार नाही, उलट सुरुवातीला जास्त हराल. दाजी किती वेळा लाइन सोडून मधे आले ते बघा. ते येत असतील तर जानेवारी त्यांच्याबरोबर खेळा. काही स्पर्धांत जोडीच्या एकूण वयाची वेगळी श्रेणी असते, तुमचं दोघांचं मिळून ९७ होतं, आयोजकांना विचारून घ्या. तशी श्रेणी असेल आणि दोन्हीकडे नाव देता येत असेल तर तिथं दाजी आणि खुल्या गटात तो तरुण, हा मार्गही उघडा आहे. आणि चार आठवडे मनापासून करूनही दाजींचे पाय हलले नाहीत, किंवा त्यांनीच ‘मला स्पर्धेतून मोकळं कर’ म्हटलं, तर मोकळ्या मनानं तरुणाबरोबर नाव द्या आणि रोजची सकाळ दाजींबरोबर ठेवा.

हे उत्तर लिहिताना माझ्यासमोर अजून काही पत्रं आहेत. एक बाई नवऱ्याबरोबर मिक्स्ड खेळतात आणि त्यांना नेटवर ‘नुसती उभी राहा’ असं सांगितलं जातं. एक जण आपल्या ऑफिसातल्या वरिष्ठांबरोबर खेळतात आणि मधला एकही बॉल घ्यायला धजत नाहीत. त्या दोघांनीही वरचं सगळं आपलं समजून वाचावं. बाईंनी नवऱ्याला हे पत्र दाखवायलाही हरकत नाही. वरिष्ठांबरोबर खेळणाऱ्यांना एवढंच सांगते: सामना सुरू व्हायच्या आधी, वॉर्म-अप करताना, ‘साहेब, मधला बॉल कुणाचा?’ असं विचारा. खेळाचा प्रश्न विचारण्यात कुणाचा अपमान होत नाही, आणि एकदा त्यांनी ‘तुझा’ म्हटलं की तो तुमचा.

तुम्हाला मात्र एक काम उद्याच करायचंय. त्या तरुणाला लटकवून ठेवू नका. त्यालाही प्रवेशिका भरायची आहे, दुसरा कुणी पार्टनर शोधायचा असेल तर वेळ लागेल. त्याला सांगा, माझ्या दाजींशी बोलायचंय, चार आठवड्यांनी, डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, नक्की उत्तर देतो. तोवर थांबायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.